सीओटूपासून मिथेनॉल: उत्प्रेरकाच्या लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी

एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) काढून मी पीएचडीला आले, तेव्हा माझा विषय एका दमात सांगता यायचा: सीओटू आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल करायचं आणि त्यासाठी तांबं-जस्ताचा उत्प्रेरक सुधारायचा. ऐकणाऱ्यांना आनंद व्हायचा, मलाही व्हायचा. आता ज्युनियर मुलंमुली फोन करून विचारतात की रोज नेमकं काय करावं लागतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक हिशोब करा. एक टन मिथेनॉलला जवळपास 1.4 टन सीओटू आणि 0.19 टन हायड्रोजन लागतो. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून आणला, तर त्याच्या दर किलोमागे साधारण 9 किलो सीओटू हवेत जातो. गुणाकार केला की 1.7 टन येतात. वापरला त्याहून जास्त सोडला! सौर किंवा पवन विजेवर पाणी फोडून हायड्रोजन मिळवला, तरच या कामाला अर्थ आहे. आइसलँडमध्ये 2012 साली नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांच्या नावाचा, सीओटूपासून मिथेनॉल करणारा कारखाना उभा राहिला, तो तिथल्या भूगर्भातल्या उष्णतेच्या जोरावर. वर्षाला सुमारे 4,000 टन क्षमता. हे गणित डोक्यात पक्कं असेल, तर मुलाखतीत कुणी कुठूनही विचारो, तुम्ही अडखळणार नाही.

रसायनशास्त्राची अडचण वेगळीच आहे. सीओटू म्हणजे जळण जळून उरलेली राख, ती सहजासहजी पुन्हा पेटत नाही. मिथेनॉल होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान कमी असलेलं बरं. पण कमी तापमानाला रेणू हलतच नाही. तापमान वाढवावं, तर मिथेनॉलऐवजी कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी होऊ लागतं. 250 अंश आणि 50 बार दाबाला बराचसा सीओटू तसाच बाहेर येतो, तो परत फिरवावा लागतो. म्हणून एखाद्या पेपरात नुसतं ‘90 टक्के सिलेक्टिव्हिटी’ (म्हणजे जेवढा सीओटू बदलला, त्यातल्या 90 टक्क्यांचं मिथेनॉल झालं) वाचून हुरळून जाऊ नका. त्यावेळी रूपांतर किती टक्के होतं, म्हणजे आत सोडलेल्या सीओटूपैकी मुळात किती बदलला, ते आधी शोधा. अर्ध्या टक्क्याला मिळालेली 90 टक्के सिलेक्टिव्हिटी माझ्या लेखी फारशी मोलाची नाही.

माझं पहिलं वर्ष मुख्यतः बीकरपाशी गेलं. कॉपर नायट्रेट आणि झिंक नायट्रेटचं द्रावण एका बाजूनं, सोडियम कार्बोनेट दुसऱ्या बाजूनं, थेंबथेंब, 65 ते 70 अंशांवर, पीएच 7 च्या आसपास धरून. निळा, चिकट अवक्षेप पडतो. तो तसाच ढवळत ठेवला की काही वेळानं रंग हिरवटाकडे झुकतो. घाई करून आधीच गाळलं, तर पुढचा उत्प्रेरक बिघडलाच म्हणून समजा. मग धुणं. ऊन पाण्यानं पाच-सहा वेळा, आणि दर वेळी खाली आलेल्या पाण्याची वाहकता मोजायची. एकदा संध्याकाळची बस गाठायची म्हणून मी दोन धुणी कमी केली. त्या बॅचनं निम्मंच मिथेनॉल दिलं आणि मी महिनाभर जस्ताचं प्रमाण बदलत बसले. शेवटी मूलद्रव्यांची तपासणी करून घेतली, तेव्हा कळलं: सोडियम राहिला होता.

धुऊन, वाळवून, 300-350 अंशांवर भाजून झालं की काळी पूड मिळते. तिच्यातलं कॉपर ऑक्साइड विरळ हायड्रोजननं हळूहळू तांब्यात उतरवायचं. इथे उष्णता सुटते. तापमान भरभर चढवलं तर तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कायमचा जातो. असा तयार उत्प्रेरक थेट हवेत काढू नका, तापून लाल होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे डिटेक्टर चालू असल्याशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचं, रोज.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते. नवीन उत्प्रेरकाचा पहिला रन, आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिथेनॉलचं सुरेख, उंच शिखर. मी धावत सिनियर ताईकडे गेले. तिनं एवढंच विचारलं, “उत्प्रेरक न भरता घेतलास का?” घेतला नव्हता. रिकामा रिअॅक्टर लावला, तरी शिखर हजर! आदल्या दिवशी नळ्या मिथेनॉलनंच धुतल्या होत्या. तेव्हापासून तीन रन आधी: रिकामा, नुसत्या आधाराचा (धातू ज्यावर बसवतात तो पदार्थ), आणि सीओटूच्या जागी नायट्रोजन. प्रकाश-उत्प्रेरकाचं (उजेडाच्या जोरावर चालणाऱ्या उत्प्रेरकाचं) काम करणार असाल, तर हे दुप्पट कडक पाळा. तिथे मिळणारं उत्पादन इतकं थोडं असतं, की पृष्ठभागावर राहिलेला जुना कार्बनसुद्धा मिथेन म्हणून दिसतो. कार्बन-13 चा (कार्बनच्या जड समस्थानिकाचा) सीओटू वापरून, उत्पादनातला कार्बन त्यातूनच आला याची खात्री करावीच लागते.

लॅब निवडताना गाईडच्या पेपरांची संख्या बघण्याआधी तिथल्या मुलांशी बोला. जीसी किती, त्यावर नंबर कधी लागतो, हाय-प्रेशर रिअॅक्टर चालू आहे की दुरुस्तीला गेलाय, हे विचारा. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये आहेत, पण ते पोचायला कधीकधी उशीर होतो, थोडी शिल्लक ठेवून या. आणि पहिल्याच दिवशी एक जाड वही घ्या. माझ्या वहीत आजही प्रत्येक बॅचची पहिली ओळ तीच असते: शेवटच्या धुण्याच्या पाण्याची वाहकता.