वीज गेल्यावर विंडोज उघडेना: घरच्या संगणकाची दुरुस्ती योग्य क्रमाने

मे महिन्याच्या अखेरीस रावेर-यावलच्या पट्ट्यात वादळी वारा सुटला, की केळीच्या बागांबरोबर विजेच्या ताराही आडव्या होतात. लाईट जाते, येते, पुन्हा जाते, आणि त्या धामधुमीत चालू राहिलेला घरचा संगणक दुसऱ्या दिवशी उघडतच नाही. कधी निळा पडदा दिसतो, कधी विंडोजचे चिन्ह येऊन ठिपके गोल फिरत राहतात, तर कधी काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे, म्हणजे संगणक सुरू करून देणारे, उपकरण सापडत नसल्याची ओळ उमटते. पुढील विवेचन अशा वेळी काय करावे याविषयी आहे. ते विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉप संगणकासाठी लिहिले असले, तरी बॅटरी खराब झाल्यामुळे सतत चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपलाही ते तितकेच लागू पडते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. विंडोजच्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून केव्हाही पुन्हा मिळतात. लग्नाचे फोटो, शेतीचा जमाखर्च किंवा मुलीचा महाविद्यालयातील प्रकल्प मिळत नाही. म्हणून डिस्क शाबूत आहे का ते पाहणे, आपल्या फाइली बाहेर काढणे आणि त्यानंतरच विंडोज दुरुस्त करणे, हा क्रम कोणत्याही घाईत मोडू नये. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी फॉरमॅट करून मग फाइली शोधायला घेतल्या, तर वाचू शकणाऱ्या गोष्टीही कायमच्या जातात.

बिघाड नेमका कशामुळे होतो हे समजले, तर पुढील पायऱ्यांचा अर्थ लागतो. आपण ‘सेव्ह’ केलेले सारे काही त्याच क्षणी डिस्कवर उतरत नाही. त्यातील काही भाग थोडा वेळ मेमरीत राहतो आणि वीज जाताच पुसला जातो. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था स्वतःच्या बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे फोल्डरांची रचना बहुधा सावरते. मात्र ही नोंदवही फाइलच्या आतील मजकुराची हमी देत नाही. म्हणूनच कधीकधी फाइलचे नाव आणि आकार बरोबर दिसतो, पण ती उघडल्यावर आत काहीच नसते. विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली, तर हेच प्रणालीच्या फाइलींच्या किंवा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या, बाबतीत घडते आणि संगणक उघडत नाही.

वीज परत आली म्हणून लगेच बटण दाबू नये. वादळानंतर काही वेळ विजेचा दाब कमी-जास्त होत राहतो, आणि दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यांदा वीज जाणे हे पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरते. संगणकाची पिन भिंतीतून काढून ठेवावी आणि पंखा व दिवे एकसारखे चालू लागेपर्यंत थांबावे. आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. घरात स्टॅबिलायझर असेल, तर त्याच्या काट्यावर किंवा आकड्यांवर तो स्थिरावल्याचे कळते. त्यानंतर पिन न लावताच संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विजेचा भार निघून जातो, आणि मग तो चालू करावा. एवढ्यानेच सुरू होणारे संगणकही पुष्कळ असतात.

बटण दाबल्यावर काहीच हालचाल झाली नाही, तर प्रश्न विंडोजचा नसून बहुधा एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा), एक्स्टेंशन बोर्डाचा किंवा केबलचा आहे. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, असे असेल तर पिन काढून रॅम सॉकेटमधून बाहेर काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि ती परत नीट दाबून बसवावी. उन्हाळ्यातील आपल्याकडची धूळ पाहता हा उपाय वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा लागू पडतो. घड्याळ आणि तारीख मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा गोल सेल संपला आहे. तो बदलावाच, शिवाय बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) बूटची पद्धत आणि साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, मांडणी पूर्वीसारखी आहे का तेही पाहावे, कारण सेल संपल्याने त्या नोंदी मूळ पदावर जातात आणि धडधाकट विंडोजही उघडत नाही. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसत नसेल, तर आधी केबल काढून पुन्हा बसवावी.

हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तिथेच थांबावे. हा आवाज डिस्कच्या आतील वाचणाऱ्या भागाचा असतो, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढत जाते. अशी डिस्क घरी तपासू नये, कोणतीही आज्ञा चालवू नये. आतील फाइली मोलाच्या असतील, तर ती डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्याकडेच द्यावी.

डिस्क ठीक असेल, तर आपल्या फाइली बाहेर काढण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी ८ जीबी किंवा अधिक क्षमतेचा पेन ड्राइव्ह घेऊन, शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ वापरून विंडोजचा इन्स्टॉलेशन ड्राइव्ह तयार करावा. या कृतीत पेन ड्राइव्हवरील आधीचे सारे काही पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. आपला संगणक त्या ड्राइव्हवरून सुरू करावा आणि भाषा निवडल्यानंतर ‘इन्स्टॉल’ हे बटण न दाबता ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडावे. विंडोज सलग दोन-तीन वेळा उघडले नाही, तर हाच दुरुस्तीचा पडदा आपोआपही येतो. परंतु त्यासाठी मुद्दाम वारंवार बटण दाबून संगणक बंद करण्यापेक्षा पेन ड्राइव्हचा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

सुरू होताना ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ अशी सूचना दिसली, तर काही सेकंद कोणतीही कळ दाबून ती तपासणी टाळण्याची मुभा मिळते. फाइली अजून काढलेल्या नसतील, तर ती मुभा घ्यावी. तपासणी एकदा सुरू झाली, तर मात्र ती मध्येच तोडू नये.

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ आणि ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या मार्गाने ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा. त्या काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ असे इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबले, की साधे नोटपॅड उघडते, आणि त्यातील ‘फाइल’ व ‘ओपन’ ही खिडकी आपल्याला फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते. खालच्या रकान्यात ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडावे, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतात आणि सगळे गेले या समजुतीने उगाच जीव घाबरा होतो. येथे ड्राइव्हची अक्षरेही बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह डी किंवा ई या नावाने दिसेल, तेव्हा आत ‘युजर्स’ आणि ‘विंडोज’ ही फोल्डरे पाहून तो ओळखावा. मग ‘युजर्स’मधील आपल्या नावाच्या फोल्डरातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स यांवर उजवी कळ दाबून ‘कॉपी’ करावे आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ‘पेस्ट’ करावे. किती काम झाले हे दाखवणारी पट्टी येथे दिसत नाही, खिडकी नुसती गोठल्यासारखी वाटते. ती पुन्हा प्रतिसाद देईपर्यंत हात लावू नये.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. टॅली किंवा दुसरे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपला डेटा बऱ्याचदा डॉक्युमेंट्सबाहेर, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवते. ते फोल्डर शोधून घ्यावे. दुसरी गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष जपावी: लग्नपत्रिका, अर्ज किंवा जुने लेख श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर ‘विंडोज’मधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही कॉपी करावे. तो फॉन्ट गेला, तर फाइल सुखरूप असूनही तिच्यात फक्त इंग्रजी अक्षरांची विस्कटलेली रांग दिसते.

ड्राइव्ह उघडताना ४८ अंकी किल्ली मागितली गेली, तर तो बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, पहारा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११ च्या अनेक संगणकांवर तो मालकाच्या नकळत चालू असतो. मोबाइलवरून त्याच खात्यात शिरून रिकव्हरी की पाहता येते. ती मिळेपर्यंत फॉरमॅटचा विचारही करू नये.

फाइली हाती आल्यानंतर दुरुस्ती निश्चिंतपणे करता येते, आणि ती हलक्या उपायापासून जड उपायाकडे न्यावी. पहिला उपाय ‘स्टार्टअप रिपेअर’. तो आपोआप चालतो. अपडेटच्या मध्येच वीज गेली होती असे आठवत असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचे क्वालिटी अपडेट काढून पाहावे. सिस्टिम रिस्टोअर आधीपासून चालू ठेवलेले असेल, तर आधीच्या एखाद्या नोंदीवर परत जाता येते, आणि त्यात आपल्या फाइली बदलत नाहीत.

एवढ्याने भागले नाही, तर पुन्हा कमांड प्रॉम्प्ट उघडावा. पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी त्या संगणकावर इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात आणि सीच्या जागी आपल्याला सापडलेले अक्षर घालावे. प्रथम ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’ ही आज्ञा फाइलव्यवस्थेतील चुका दुरुस्त करते. तिच्यात एफऐवजी आर घातले, तर संपूर्ण डिस्क वाचून खराब जागाही शोधल्या जातात, पण मोठ्या जुन्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागू शकतात. इन्व्हर्टरचा आधार नसताना हे काम रात्री लावून झोपू नये. त्यानंतर ‘एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज’ ही आज्ञा द्यावी. ती प्रणालीच्या प्रत्येक संरक्षित फाइलची मूळ प्रतीशी तुलना करते आणि बिघडलेली फाइल बदलते. संगणकाला बूटची माहितीच सापडत नसेल, तर ‘बीसीडीबूट सी:\विंडोज’ ही आज्ञा ती नव्याने लिहून देते.

विंडोज उघडले, तरी काम अर्धेच झाले असे समजावे. स्टार्ट बटणावर उजवी कळ दाबून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून का होईना इंटरनेट जोडावे आणि ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ चालवावे. टक्केवारी एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडली, तरी खिडकी बंद करू नये. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेते, तो साठाच ही आज्ञा मायक्रोसॉफ्टकडून नीट करून घेते; म्हणून ती आधी चालवून नंतर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ द्यावे. एकही उल्लंघन सापडले नाही, किंवा सापडलेले सर्व दुरुस्त झाले, असे उत्तर आले तर ठीक. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे आले, तर त्याच पेन ड्राइव्हवरील सेटअप चालू विंडोजमधूनच सुरू करून, फाइली आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडून विंडोज त्यावरच पुन्हा बसवावे. हा मार्ग मला सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण घडी न विस्कटता सर्व प्रणाली नवी होते.

विंडोज मुळीच उघडत नसेल, तर ‘रीसेट धिस पीसी’ आणि ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय उरतो. त्यात सॉफ्टवेअर जाते, फाइली राहतात. अधिकृत विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने त्याच संगणकावर पुन्हा किल्ली विकत घ्यावी लागत नाही. नव्याने बसवणार असाल, तर विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे हे लक्षात घेऊन, संगणक पात्र असल्यास ११ बसवावे. यातील काहीही जमले नाही आणि संगणक जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा गावातल्या दुकानात द्यावा लागला, तर ‘डेटा काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे चिठ्ठीवर लिहून ती संगणकावर चिकटवावी. काउंटरवर तोंडी सांगितलेले आतल्या कारागिरापर्यंत पोहोचतेच असे नाही.

दुरुस्तीनंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची प्रकृती पाहावी. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसले, तर नवी एसएसडी घेण्यास उशीर करू नये. महत्त्वाच्या फाइली एकेक उघडूनही पाहाव्यात, कारण आतून रिकामी झालेली फाइल कोणतीही आज्ञा दाखवून देत नाही.

घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूचा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका पाहावा. नॉर्मलवर असताना वीज बदलण्यास लागणारा क्षण संगणकाला सोसत नाही आणि तो बंद पडतो. यूपीएसवर केल्यास बहुधा चालू राहतो. इन्व्हर्टर नसेल, तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम जतन करून संगणक बंद करण्यापुरती मिनिटे देतो. त्याला संगणकाबरोबर मॉनिटरही जोडावा, कारण पडदाच काळा झाला तर जतन करायचे कसे? लेझर प्रिंटर मात्र कधीही जोडू नये, तो क्षणभर फार मोठा भार ओढतो. यूपीएसमधील बॅटरी शिसे-आम्लाची असते आणि उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवली, तर दोन वर्षेही टिकेल असे धरून चालू नये. दर महिन्याला, सर्व काम जतन केल्यावर, यूपीएसचा भिंतीवरील खटका बंद करून संगणक किती मिनिटे तग धरतो ते पाहावे, आणि तो नीट बंद करण्याइतका वेळ मिळेनासा झाला, की वैशाख लागण्यापूर्वी बॅटरी बदलून घ्यावी.