घरातलं वायरिंग तपासताना: कुठला दोष आज बंद करायचा, कुठला थांबू शकतो

वायरिंगच्या तपासणीत दोष सापडतातच. खरं काम त्यानंतरचं, म्हणजे त्यांची प्रतवारी लावण्याचं. वाकडा बसलेला स्विच आणि तुटलेलं अर्थिंग एकाच यादीत, एकाच वजनाने लिहून देणाऱ्या माणसाचा घरमालकाला काही उपयोग नाही. मी प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारतो: आणखी एक गोष्ट बिघडली, तर इथे माणसाला शॉक बसेल का? 'बिघडायची वाट बघायलाच नको, आत्ताच बसेल' असं उत्तर आलं, तर ते सर्किट मी तिथल्या तिथे बंद करतो. उत्तर 'हो' असेल तर काम याच आठवड्यात. 'नाही' असेल तर पुढच्या रंगकामापर्यंत थांबलं तरी चालेल.

बोर्ड उघडणं आणि मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावणं ही कामं परवानाधारक वायरमनचीच. पण तो काय तपासतोय, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

आधी नजरेने बघून घ्या: काळवंडलेले सॉकेट, वितळलेले प्लग, उघडे जॉइंट, ओल आलेल्या भिंतीवरचे बोर्ड. मग मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांच्या वायरींत २३० व्होल्ट असतातच. हे विसरून बोर्डात हात घालू नका.

एमसीबीचा (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) आकडा वायरीशी जुळवून बघा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपियरचा एमसीबी दिसला, तर 'सारखा पडत होता म्हणून मोठा बसवला' हेच कारण असतं. आता वायर तापेल, पण एमसीबी पडणार नाही. हे काम याच आठवड्यात करा.

मेगर ५०० व्होल्टवर, सगळी उपकरणं काढून. फेज (जिवंत वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) एकत्र करून अर्थशी मोजायचं, नाहीतर एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर उडतात. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर सर्किट नापास. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. बाकीची सर्किटं शंभराच्या वर आणि एकच सव्वा मेगओहमवर असेल, तर कागदावर ते पास होतं, माझ्याकडे नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भिंत पाझरली की असं सर्किट सगळ्यात आधी घसरतं.

आता अर्थिंग. हा टप्पा मलाही बराच काळ छळत होता, कारण इथे खोटं अर्थिंग खऱ्यापेक्षा जास्त चांगलं दिसतं.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावायचा, पेटला की अर्थिंग उत्तम, हा सल्ला कृपया सोडून द्या. साठ वॅटचा बल्ब जेमतेम पाव अँपियर घेतो. अर्थच्या वाटेत ५० ओहम असले तरी तो झकास पेटतो. पण सोळा अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडण्याची खात्री हवी असेल, तर १६० अँपियर वाहावे लागतात. म्हणजे फॉल्टच्या पूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्याही आत हवा. आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध दहा ओहम असेल तर फक्त २३ अँपियर वाहतील. तेवढे तो एमसीबी बराच वेळ, कधी तासभरही, सहन करेल आणि तोवर गिझरची बॉडी जिवंत राहील. म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) हवाच. १०० किंवा ३०० मिलिअँपियरचा आगीपासून वाचवायला असतो, माणसासाठी नाही.

याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिना वायरीचा तुकडा टाकून जोडलेल्या असतात. बल्ब लखलखीत पेटतो, मीटरवर २३० दिसतात, सगळे खूश. पण मेनपासून त्या सॉकेटपर्यंत कुठेही न्यूट्रल सुटला, की चालू गिझरच्या कॉइलमधून फेज थेट त्याच्या बॉडीवर येतो. एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. ओल्या बाथरूममध्ये उभा असलेला माणूस नळाला हात लावतो.

हे असं शोधा. सगळे प्लग काढा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन बंद करा, इन्व्हर्टर बंद आहे ना हे पुन्हा बघा. मग प्रत्येक सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा. शून्याजवळ आकडा आला की घरात कुठेतरी जोड आहे. जुन्या किटकॅट (चिनी मातीच्या) फ्यूजच्या घरात मेनवर न्यूट्रल अनेकदा तुटतच नाही. तिथे वायरमनने न्यूट्रल सोडवूनच हे मोजावं. आणखी एक खूण आहे. इस्त्री चालू असताना शेजारच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसणं स्वाभाविक आहे. भार असतानाही काटेकोर शून्य दिसलं तर मला संशय येतो.

असा जोड सापडला तर आठवड्याचीही वाट बघू नका. तो सॉकेट त्याच दिवशी बंद.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा, पण त्यातून अर्थिंगबद्दल काहीही कळत नाही. अर्थ पूर्ण तुटलेला असला तरी बटण काम करतं. पंधरा मिलिअँपियरवर न पडणं आणि तीसवर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडणं, हे टेस्टरनेच बघावं लागतं. 'सारखा पडतो' म्हणून तो काढून टाकायला सांगणाऱ्याला घरात घेऊ नका. गिझरची भिजलेली कॉइल किंवा दुसऱ्या सर्किटमधून घेतलेला न्यूट्रल शोधा. इन्व्हर्टर असलेल्या घरात हा दुसरा प्रकार फार आढळतो.

वायरींचे रंग चुकलेत, बोर्डावर नावं नाहीत, बोर्ड लाकडी आहे पण शाबूत आहे, हे सगळं नोंदवा आणि थांबू द्या.

अर्थिंगची दुरुस्ती झाली की त्याच सॉकेटवर, मेन बंद करून, न्यूट्रल आणि अर्थमधले ओहम पुन्हा मोजून घ्या. 'चांगलं अर्थिंग देतो' म्हणत तोच तुकडा परत टाकणारे कमी नाहीत.