पॅचौलीची निरोगी मातृरोपे ऊतिसंवर्धनाने कशी तयार करावीत

वेणीत दवणा-मरव्यासोबत गुंफल्या जाणाऱ्या पाचेची जवळची नातलग असलेली पॅचौली छाटकलमांनी सहज रुजते. त्यामुळे सरसकट सगळी लागवड ऊतिसंवर्धित, म्हणजे झाडाच्या लहान तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत वाढवलेल्या, रोपांची करणे म्हणजे विनाकारण खर्च होय. मात्र कलमांबरोबर मोझॅक विषाणू आणि रोपवाटिकेच्या मातीबरोबर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी नव्या मळ्यात येतात. म्हणून मोजकी मातृरोपे प्रयोगशाळेत तयार करावीत आणि पुढची कलमे त्यांच्यापासून घ्यावीत.

मातृझाड निवडल्यावर ते दोन-तीन आठवडे आडोशाला ठेवावे आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे; एवढ्यानेही पुढचे बुरशीचे संसर्ग बरेच कमी होतात. कोवळ्या, पण लुसलुशीत नसलेल्या फांदीचे एकेका पेराचे तुकडे करून पाने काढावीत, देठाचा थोडा भाग राखावा. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुतल्यावर ते सौम्य साबणाच्या द्रावणात हलवावेत. येथे घाई करू नये, कारण पॅचौलीच्या दाट लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्याखाली निर्जंतुकीकरणाचे द्रावण पोहोचत नाही. यापुढचे काम लॅमिनार एअर फ्लोखाली (गाळलेली, जंतुविरहित हवा सोडणाऱ्या कपाटात) करावे. तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद आणि १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे १० मिनिटे बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावेत. मर्क्युरिक क्लोराइड जास्त खात्रीचे असले तरी ते जहाल विष असून त्याची विल्हेवाट लावणे अवघड असते, त्यामुळे ते टाळलेलेच बरे.

तुकडे ज्यात वाढवायचे त्या पोषक माध्यमासाठी १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी मांडलेले, एमएस नावाने ओळखले जाणारे मिश्रण पुरेसे आहे. एक लिटरला ३० ग्रॅम साखर आणि ०.५ मिलिग्रॅम बीएपी (कोंब फुटायला लावणारे संप्रेरक) घालून सामू (पीएच) ५.८ वर आणावा, त्यानंतरच माध्यम घट्ट करणारे अगर-अगर सुमारे ८ ग्रॅम मिसळावे. एवढे थोडे बीएपी थेट तोलता येत नाही. म्हणून १०० मिलिग्रॅम बीएपी सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या द्रावणात विरघळवून पाण्याने १०० मिलिलिटर करावे आणि त्यातले अर्धा मिलिलिटर घ्यावे. बाटल्या १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह कराव्यात, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक कराव्यात.

क्लोरीनने पांढरी पडलेली टोके छाटून पेर उभे रोवावे. डोळा माध्यमाच्या वर राहिला पाहिजे. तापमान सुमारे २५ अंश आणि प्रकाश रोज १६ तास ठेवावा. कोंब वाढले की त्यांची पुन्हा पेरे करून नव्या बाटल्यांत लावावीत. गुणन वाढावे म्हणून बीएपी वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने कोंब काचेसारखे पाणीदार होतात आणि असे कोंब बाहेर तग धरत नाहीत. तळाशी आलेल्या कॅलसपासूनही (पेशींच्या आकारहीन गोळ्यापासूनही) रोपे घेऊ नयेत, कारण त्यांत मूळ वाणापेक्षा वेगळेपण येण्याचा धोका असतो. मुळांसाठी संप्रेरकाविना निम्म्या तीव्रतेचे एमएस माध्यम बहुधा पुरते.

पेरापासून वाढवलेले रोप निर्जंतुक दिसले तरी विषाणूमुक्त असेलच असे नाही. मातृझाडाबद्दल शंका असल्यास अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली काढून वाढवावा लागतो, आणि त्यानंतरही विषाणू ओळखणारी एलायझा किंवा पीसीआर चाचणी करावीच.

सर्वाधिक रोपे दगावतात ती बाटलीबाहेर काढल्यावर. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. मुळांना चिकटलेले अगर-अगर कोमट पाण्याने पूर्ण धुऊन, कारण त्यातल्या साखरेवर बुरशी येते, रोपे निर्जंतुक कोकोपीटमध्ये लावून प्लॅस्टिकने झाकावीत. पहिला आठवडा झाकण काढू नये. नंतर रोज थोडा जास्त वेळ उघडे ठेवत तीन-चार आठवड्यांत ती सावलीच्या जाळीखाली आणावीत. नवी पाने लवदार आणि गर्द निघू लागली की रोप सावरले असे समजावे. ही मातृरोपे कुंड्यांत किंवा उंच वाफ्यात, सूर्यतापाने निर्जंतुक केलेल्या मातीतच लावावीत आणि त्यांच्या आसपास जुन्या मळ्यातले एकही कलम आणू नये.