शिकारीत आजारी हरीण दिसले तर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. तेथे राहणारे जे मराठी वाचक परवाना काढून पहिल्यांदाच रानात जाणार आहेत, त्यांनी ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या रोगाची माहिती आधीच करून घ्यावी. हा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रातील पाळीव हरणांत प्रथम आढळला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत असल्याचे उघड झाले. तो जिवाणू किंवा विषाणूंमुळे होत नाही. प्रायॉन नावाची, घडी बिघडलेली प्रथिने मेंदू पोखरत जातात, आणि त्यावर उपचार नाही.

बरगड्या दिसण्याइतके खंगलेले, कान पाडून आणि मान खाली घालून उभे असलेले, लाळ गळणारे, अडखळत चालणारे किंवा माणूस जवळ आला तरी न बुजणारे हरीण दिसले, तर बंदूक खाली ठेवावी. जखमी हरीण लंगडत असले तरी बहुधा सावध असते. या रोगात ती सावधता हरवते. तरीही नुसत्या लक्षणांवरून निदान करू नये, कारण इतर आजारांतही हरीण असेच दिसू शकते.

अशा वेळी जनावराची तडफड थांबवावी असे मनापासून वाटते आणि ती भावना चांगलीच आहे. पण गोळी झाडण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. लांबूनच छायाचित्र काढावे, फोनवरील नकाशात जागा आणि वेळ नोंदवावी, आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला किंवा वन्यजीव अधिकाऱ्याला ताबडतोब कळवून ते सांगतील तसे करावे. मेलेले हरीण सापडले तरी त्याला हात न लावता हेच करावे.

खरा धोका मात्र धडधाकट दिसणाऱ्या हरणाचा असतो, कारण लागण झाल्यावर लक्षणे दिसायला वर्षापेक्षाही अधिक काळ जाऊ शकतो. म्हणून या रोगाच्या पट्ट्यात मारलेल्या प्रत्येक हरणाची तपासणी करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ही तपासणी सहसा घशामागील लसिकाग्रंथींवर होते. हरीण सोलताना रबरी हातमोजे घालावेत, मेंदू, डोळे, प्लीहा आणि पाठीचा कणा कापू नये, आणि स्वयंपाकघरातील सुऱ्या वापरू नयेत. मांस कापण्यासाठी खाटकाकडे द्यायचे असल्यास ते इतरांच्या मांसात न मिसळता वेगळे ठेवायला सांगावे, आणि अहवाल येईपर्यंत ते फ्रीझरमध्ये ठेवावे.

माणसाला या रोगाची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. कितीही शिजवले तरी प्रायॉन नष्ट होत नाहीत. सुऱ्यांना चिकटलेले मांसाचे कण आधी घासून काढावेत आणि मग दोन भाग घरगुती ब्लीच व तीन भाग पाणी या मिश्रणात त्या पाच मिनिटे बुडवून ठेवाव्यात, कारण ब्लीचचा परिणाम पृष्ठभागावरच होतो, मांसाच्या आत पोहोचत नाही. हाडे व उरलेले अवयव रानात फेकू नयेत, कारण प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. स्थानिक नियमांनुसार ते कचरा पुरण्याच्या अधिकृत जागी पोहोचवावेत.