मॉन्ट्रियलला निघण्याआधी

न्यू जर्सीहून मॉन्ट्रियल म्हणजे गाडीने सहा-सात तास. लाँग वीकेंडला सहज होतं म्हणून लोक तयारीला थेट बॅगेपासून लागतात. मी कागदांपासून लागते. ग्रीन कार्ड असेल तर एप्रिल २०२२ पासून भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, मात्र दोन्ही मूळ आणि मुदतीतले हवेत. एच-वन-बीवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, कॅनडाचा व्हिसा हातात पडल्यावरच हॉटेलचे पैसे भरावेत. सुट्टीला आलेल्या आईबाबांनाही कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचा आहे म्हणून भागत नाही. मुलांसोबत आईवडिलांपैकी एकच जण असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र घ्या.

मला धास्ती परतीची असते. पासपोर्टवरच्या एच-वन-बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तरी कॅनडात तीस दिवसांच्या आत राहून मुदतीतल्या आय-९४वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, परत येता येतं, पण तिथे नव्या शिक्क्यासाठी अर्ज केलात की ही सवलत गेली. आय-९४ची प्रिंट आणि आय-७९७ (एच-वन-बीच्या मंजुरीचं पत्र) जवळ ठेवा. आणि पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नकोत! सरहद्दीवरच्या शॅम्प्लेनच्या नाक्यावर मागच्या गाड्या खोळंबवून बॅगा उपसणारं कुटुंब आम्हीच होतो.

गाडीचा विमा कॅनडात चालतो का, ते कंपनीला फोन करून विचारा. पलीकडे हायवेची मर्यादा १०० दिसेल. ते किलोमीटर आहेत, मैल नव्हेत. मॉन्ट्रियल बेटावर न्यू जर्सीसारखं लाल दिव्याला उजवीकडे वळायचं नाही, आणि हे आपल्या पायाला समजावणं सगळ्यात अवघड. पार्किंगच्या एकाच खांबावर तीन-तीन पाट्या, वेळ २४ तासांची, वार फ्रेंच. लुंदी सोमवार, मार्दी मंगळवार. शुक्रवार म्हणजे वांद्रदी. वांद्रे आठवा, विसरणार नाही.

थोडे कॅनेडियन डॉलर असू द्या, बाकी कार्डावर भागतं. बिलात दोन कर मिळून जवळपास १५ टक्के चढतात, टीप वेगळी. दुकानात शिरताच आधी ‘बाँजूर’ म्हणा, पुढचं इंग्रजीत चालतं. शाकाहाऱ्यांनी पुटीन (चीज आणि ग्रेव्ही घातलेले फ्राइज) मागवताना ग्रेव्ही कशाची ते विचारावं, ती बहुधा मांसाच्या रश्श्याची असते.

खाऊ नेताना चिवडा-लाडू ठीक, पण नाक्यावर विचारलं की सांगून टाका. मेतकूट शक्यतो दुकानाच्या सीलबंद पाकिटातलंच न्या. बिननावाच्या झिपलॉकमधली पिवळसर पूड म्हणजे काय, हे मी एकदा समजावून पाहिलंय.