भिगवणला पक्षी पाहायला जाताय? आधी पाणी विचारा

तारीख ठरवण्याआधी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला फोन करा आणि एकच विचारा, "पाणी किती खाली गेलंय?" भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. धरण काठोकाठ भरलेलं असलं की रोहितांना (फ्लेमिंगोंना) उभं राहायला उथळ जागाच उरत नाही. पाऊसकाळ चांगला झालेल्या वर्षी मी हौसेने डिसेंबरात गेलो आणि वारकरी पाहून परतलो. (पंढरीचे नव्हे, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी.) पाणी ओसरलं की जानेवारीअखेर ते मार्च हा काळ उत्तम.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. उजाडताना काठावर असायचं तर चारला निघा. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) घ्या. हलत्या होडीत दहापटीची फार थरथरते.

पोचल्यावर लगेच होडीत बसू नका. अर्धा तास धक्क्यावरच थांबा. मासेमार जाळ्यातून चिलापी सोडवत असतात, तेव्हा बगळे पायाशी येतात आणि कुरव (सीगल) डोक्यावर घिरट्या घालतात. इतक्या जवळून ते पुन्हा दिसणार नाहीत. कुरवांना शेव-फरसाण टाकणारे भेटतील. तुम्ही टाकू नका.

होडीत बसलात की ऊन पाठीशी ठेवायला सांगा आणि थव्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करायला लावा. पुढे बांबूने रेटत जायचं. रोहित चोच उलटी बुडवून पाणी गाळत असतात. त्यांच्या माना एकदम वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की तिथेच थांबा. आणखी दहा हात पुढे गेलात तर ते पाण्यावर धावत उडतील. फोटो झकास येईल, पण त्यांची न्याहारी मोडेल. नावाड्याला हे आधीच सांगा, कारण बरेच पर्यटक उडवायलाच सांगतात.

बदकांत गोंधळ होणारच. पसरट चोच दिसली तर थापट्या, अंग नारिंगी असेल तर चक्रवाक. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात.

परतताना पाण्यातल्या वाळक्या झाडांवर नजर ठेवा. तिथे मीनघार बसते. मासा घेऊन उडाली तर पंजे बघा, माशाचं तोंड पुढेच असतं.