चूल धूर करते तेव्हा फुंकणी बाजूला ठेवा

आमच्याकडे चहा-भाजी गॅसवर होते. अंघोळीचं पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या मात्र मागच्या पडवीत, चुलीवरच. पुढे चूल, मागे वैल, म्हणजे चुलीच्याच आचेवर दुसरं भांडं ठेवायचं भोक, आणि वैलातून भिंतीबाहेर गेलेलं चार इंची धुराडं. ही निर्धूर चूल वीस वर्षं मी सारवते आहे. माझ्या सासूबाईंनी त्याआधी धुराड्याविना रांधलं, त्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. म्हणून घरात धूर दिसला की मला राहवत नाही.

धूर झाला की जो तो फुंकणी उचलतो. जरा थांबा, आधी धूर कधी येतो ते बघा.

पेटवतानाच येतो आणि दहा मिनिटांत थांबतो, तर धुराडं गार पडलंय. पावसाळ्यात हे रोजचंच. आतली गार, जड हवा धुराला वर चढू देत नाही. मी वैलावरचं भांडं उचलते, सुक्या झावळीची मूठभर पाती पेटवून त्या भोकातून धुराड्याच्या तोंडाशी सरकवते. जाळ वर ओढला गेला, नळीत घुमल्यासारखा आवाज आला, की भांडं परत वैलावर ठेवायचं आणि मग चूल पेटवायची. वैल उघडा राहिला तर धुराडं तिथूनच हवा ओढतं, चुलीतला धूर तोंडातून बाहेर येतो.

धूर सारखाच येत असेल तर उदबत्ती लावा. चूल मंद जळत असताना ती चुलीच्या तोंडाशी, वरच्या कडेला धरा. धुराची रेघ आत वळली तर धुराड्याला ओढ आहे, दोष सरपणाचा. रेघ सरळ वर गेली किंवा तुमच्याकडे आली तर वाट अडली आहे. मग तीच उदबत्ती भांड्यांच्या कडेने, चुलीच्या सांध्यांवरून फिरवा. जिथे रेघ भेगेत शिरते तिथे माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपा.

वाट बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडते. एक, चुलीतून वैलाकडे जाणारं भुयार. दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलीत मी कोपरापर्यंत हात घातला, तर चार बोटांच्या वाटेत एक बोट जेमतेम जात होतं. सूपभर राख निघाली! आता दर शनिवारी चूल गार असताना ती काढते. दुसरी जागा धुराड्याचं वळण, तिथे काजळी धरते. महिन्यातून एकदा दोरीला दगड आणि काथ्याचा बोळा बांधून वरून सोडायचा, दोनचार वेळा वरखाली करायचा. तोंडाला फडकं बांधा. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर आमच्या वाडीतही अशा चुली आल्या. पुढे लोकांनी त्या फोडल्या, त्या या काजळीपायीच. चूल चांगली होती, धुराडं साफ करायचं कुणी सांगितलं नव्हतं.

वारा सुटला की धूर उलटा येतो? मग धुराड्याचं टोक बघा. आमच्या गवंड्याने ते आढ्याच्या खालीच संपवलं होतं. पावसाळी वारा कौलांवरून खाली आपटायचा आणि धूर माजघरात. आढ्याच्या वर दोन फूट नळी वाढवली, वर टोपी बसवली, टोपीखाली वीतभर मोकळं ठेवलं. तेव्हापासून नाही.

सरपणाचं थोडक्यात. दोन फाटी एकमेकांवर आपटा. सुकं टणकन वाजतं, ओलं धप्प करतं. जळताना टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज झाला, पांढरा दाट धूर निघाला, तर ते ओलंच. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सरपणात तसं फाटं निघालं तर वैलाशेजारी दोन दिवस उभं करा. अंगठ्याएवढी फाटी घ्या, चुलीचं निम्मं तोंड मोकळं ठेवा, लाकडाखाली दोन लोखंडी सळ्या टाका म्हणजे हवा खालून शिरते. काजूची टरफलं घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो.

एवढं करूनही धूर थांबला नाही तर चूल विझवा आणि निखारे घमेल्यातून अंगणात काढा. ते घमेलं थंडीत उबेसाठी बंद खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो.